घरातल्या माणसाजवळ अनोळखी गोळ्या सापडल्या तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात फार्मासिस्ट आहे. काउंटरवर गर्दी ओसरली की कुणीतरी मागे थांबतं, पर्समधून कागदात गुंडाळलेली गोळी काढतं आणि हळूच विचारतं, "ही कशाची आहे हो?" कधी आई असते, कधी बायको, कधी धाकटा भाऊ. त्यांचे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. घरातलं माणूस आत्ता बेशुद्ध असेल तर फक्त पहिलं उत्तर वाचा आणि फोन करा.

माणूस उठत नाहीये, काय घेतलंय माहीत नाही. आधी काय करू?

१०८ वर फोन करा. खांदे हलवून, जोरात हाक मारूनही तो जागा होत नसेल, श्वास मंद किंवा थांबत थांबत चालू असेल, ओठ-नखं निळसर पडली असतील, घशातून घरघर येत असेल किंवा झटका (फिट) आला असेल, तर "झोपू द्या, सकाळी उतरेल" असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. घरघरणाऱ्या माणसाला गाढ झोप लागली आहे असं वाटतं आणि तिथेच वेळ जातो. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, वरचा पाय गुडघ्यात दुमडा, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही. श्वास थांबला तर फोनवरची व्यक्ती सांगेल तसं छाती दाबणं सुरू करा.

मिठाचं पाणी, दूध, लिंबू, ताक काहीही पाजू नका. उलटी करवू नका.

ॲम्ब्युलन्सला उशीर होत असेल तर जे जवळ असेल तिथे न्या: मेयो किंवा मेडिकल ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स किंवा अपघात विभाग असलेलं खाजगी रुग्णालय. उरलेल्या गोळ्या, रिकाम्या स्ट्रिप, बाटल्या, डस्टबिनमधला कागद, सगळं एका पिशवीत भरून सोबत घ्या. डॉक्टरांना खरं सांगा, दारू प्यायला असेल तर तेही. अफूवर्गातल्या, म्हणजे अफूसारखा परिणाम करणाऱ्या ट्रॅमाडॉलसारख्या औषधांवर नॅलोक्सोन हे उतारा-इंजेक्शन आहे, पण संशय कशाचा आहे हे डॉक्टरांना कळलं तर ते लवकर दिलं जातं.

आणखी एक. पॅरासिटामॉलच्या खूप गोळ्या घेतलेला माणूस पहिला दिवस ठीक दिसू शकतो. बोलतो, चहा पितो. यकृताचं नुकसान मागाहून दिसतं. त्याचा उतारा पहिल्या आठ तासांत मिळाला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. म्हणून "आता बरा दिसतो" म्हणून घरी ठेवू नका.

रुग्णालयात एमएलसीची (मेडिको-लीगल केस) नोंद होईल या भीतीने लोक थांबतात. ती रुग्णालयाची कायदेशीर नोंद आहे, उपचार तिच्यासाठी अडत नाहीत. आणि आत्महत्येचा प्रयत्न असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं.

सुटी गोळी आहे, नाव नाही. रंग-आकारावरून ओळखता येईल का?

बहुतेक वेळा नाही. इंटरनेटवर गोळी ओळखायच्या ज्या साइट दिसतात त्या बहुतेक अमेरिकेतल्या गोळ्यांसाठी आहेत. तिथे जवळपास प्रत्येक गोळीवर अक्षरं-आकड्यांचा शिक्का असतो. आपल्याकडच्या कित्येक गोळ्या कोऱ्या असतात आणि नाव असतं ते स्ट्रिपच्या फॉइलवर. एकच औषध दहा कंपन्या दहा रंगांत काढतात आणि पांढऱ्या, गोल, मधे रेघ असलेल्या गोळ्या तर रक्तदाबाच्याही असतात, झोपेच्याही आणि ॲलर्जीच्याही. मी इतकी वर्षं गोळ्या हाताळते आहे, तरी सुटी पांढरी गोळी पाहून छातीठोकपणे नाव सांगणार नाही. कुणी सांगत असेल तर तो अंदाज आहे एवढं लक्षात ठेवा.

मग करायचं काय? गोळी सोडा, फॉइल शोधा. कापलेला तुकडा, रिकामं खोकं, दुकानाचं बिल, डॉक्टरांची चिठ्ठी. गोळीचे दोन्ही बाजूंनी, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, चांगल्या उजेडात फोटो घ्या आणि ओळखीच्या फार्मासिस्टला दाखवा. चव घेऊन बघू नका. आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फोटो कृपा करून टाकू नका. गोळी ॲसिडिटीची निघाली तरी त्या मुलाचं नाव घराघरांत झालेलं असतं.

स्ट्रिप सापडली. त्यावर नक्की काय वाचायचं?

मोठ्या अक्षरातलं ब्रँडचं नाव नव्हे, त्याजवळ छापलेलं मूळ औषधाचं नाव. मग डावीकडे वर बघा. तिथे लाल अक्षरांत एनआरएक्स असेल, तर ते औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. एक्सआरएक्स असेल तर ते शेड्यूल एक्समधलं, आणखी कडक नियमांचं. लाल चौकटीत शेड्यूल एच-१ चा इशारा असेल तर चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेली ती यादी. पण त्या यादीत अँटिबायोटिक आणि क्षयाची औषधंही आहेत, त्यामुळे चौकट दिसली म्हणजे नशा असं नाही.

उभी लाल रेघ पाहून घाबरून येणारे खूप असतात. तिचा अर्थ डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका, एवढाच. १ ऑगस्ट २०२३ नंतर बनलेल्या, ठरावीक ३०० ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर किंवा बारकोडही असतो. तो स्कॅन केला की नाव, कंपनी, बॅच, तारखा दिसतात.

नशेसाठी कोणत्या गोळ्या वापरल्या जातात?

बहुतेक याच की ज्या कुणातरी आजारी माणसाला खरोखर लागतात. घबराटीसाठी आणि झोपेसाठी दिली जाणारी अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम. जास्त दुखण्यावरची ट्रॅमाडॉल आणि टॅपेंटाडॉल. नसांच्या वेदनेवरची प्रीगाबालिन. मानसिक आजाराच्या औषधांनी हातापायांना येणारा ताठरपणा कमी करणारी ट्रायहेक्सिफेनिडिल. बोलीत यांतल्या काहींना बटन म्हणतात, अल्प्राझोलामला काही ठिकाणी कुत्ता गोळी. मुलाच्या फोनवरच्या बोलण्यात हे शब्द आले तर कान द्या. एमडी (मेफेड्रोन) हा वेगळा प्रकार आहे, तो बहुतेक भुकटीच्या रूपात मिळतो.

एकेकट्या औषधापेक्षा मिश्रण जास्त घातक. झोपेची गोळी आणि दारू, किंवा झोपेची गोळी आणि ट्रॅमाडॉल, दोन्ही श्वासावर एकदम दाब आणतात. ट्रॅमाडॉलने झटकेही येतात. आणि बाजारात सुटी मिळालेली गोळी सांगितलेल्या नावाचीच असेल याची हमी कुणाचीच नाही.

अनोळखी गोळी लपवून ठेवली म्हणजे नशाच ना?

नाही. आणि या प्रश्नावर मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण या घाईत किती घरं मोडायला येतात ते मी पाहते.

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण खूप आहेत. त्यांतल्या अनेकांना फोलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया रोज घ्यावं लागतं, आणि दुखण्याची लाट आली की डॉक्टर ट्रॅमाडॉलसारखं जोरदार वेदनाशामकही देतात. हाडं फोडून काढणारी ती वेदना बाहेरून दिसत नाही. लग्न ठरायच्या वयातला मुलगा किंवा मुलगी आजार कळू नये म्हणून गोळ्या लपवते आणि घरचे नशेचा संशय घेतात. अशा रुग्णाचं वेदनाशामक हिसकावून घेणं क्रूर आहे. एचआयव्हीची औषधं लोक लेबल खरवडून दुसऱ्या डबीत ठेवतात. क्षयाच्या गोळ्या ऑफिसात दिसू नयेत म्हणून सुट्या करून खिशात ठेवतात (त्यांतल्या रिफाम्पिसिनने लघवी केशरी-लाल होते, त्याचीही घरी भीती बसते). नैराश्याची गोळी सासरी कळू नये म्हणून सुनेने उशीखाली ठेवलेली असते. गर्भनिरोधक गोळ्या तर विचारूच नका.

दुसरं, आपल्याकडचे कितीतरी फॅमिली डॉक्टर अजूनही पुडीत सुट्या गोळ्या देतात. सकाळी ही, रात्री ती, नाव कुठेच नाही. त्या दवाखान्यात जाऊन पुडीवर नावं लिहून मागा. रुग्णाला तो हक्क आहे आणि चांगला डॉक्टर रागावत नाही.

तिसऱ्या प्रकाराची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. गुडघेदुखीवर, दम्यावर "जडीबुटी"च्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या काळपट किंवा पांढऱ्या गोळ्या. आजी म्हणते, दोन दिवसांत पळायला लागले. अशा गोळ्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असण्याचे प्रकार वारंवार उघड झाले आहेत. चेहरा सुजल्यासारखा गोल होणं, साखर आणि रक्तदाब वाढणं, अंगावर सहज काळेनिळे डाग उठणं ही त्याची लक्षणं. महिनोन्महिने घेतलेलं स्टिरॉइड एकदम बंद केलं तर शरीर स्वतःचं स्टिरॉइड वेळेवर तयार करू शकत नाही आणि माणूस कोसळू शकतो. म्हणून ती पुडी घेऊन मेडिसिनच्या ओपीडीत जा आणि डॉक्टर सांगतील तशीच कमी करा.

बाबा गेली कित्येक वर्षं रात्री झोपेची गोळी घेतात. हा पण दुरुपयोगच का?

त्यांना दोष देण्यासारखं यात काही नाही, पण लक्ष देण्यासारखं पुष्कळ आहे. आईच्या जाण्यानंतर किंवा बायपासनंतर कुणीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी जुन्या चिठ्ठीवर चालू राहते. हळूहळू एकीने भागत नाही, दीड होते. पासष्टीनंतर या गोळ्यांनी तोल जातो, रात्री बाथरूमला उठताना पडून खुब्याचं हाड मोडतं, आठवण कमी होते आणि घरच्यांना वाटतं की वय झालं.

गोंधळल्यासारखं बोलणं, दिवसा झापड येणं याची इतर कारणंही असतात: साखर उतरणं, सोडियम कमी होणं, लघवीचा संसर्ग, पक्षाघाताची सुरुवात. एकच औषध दोन डॉक्टरांनी दोन ब्रँडच्या नावांनी दिलेलं असणं तर मी कितीदा पकडलं आहे. घरातली सगळी औषधं, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीसकट, एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांपुढे ओता. त्या एका फेरीत निम्मं कोडं सुटतं.

मुलात काय बदल दिसला तर संशय घ्यावा?

एका लक्षणावरून काहीच ठरत नाही. दिवसा न आवरणारी झोप, जीभ जड होणं, डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, सतत खाज, वारंवार पैसे मागणं, घरातलं सामान गायब होणं, कापलेल्या स्ट्रिप, मित्र एकदम बदलणं, हे बरंच काही एकत्र आणि वाढत्या क्रमाने दिसलं तर बोला. परीक्षेच्या दिवसांतली चिडचिड, प्रेमभंग, कर्ज, नैराश्य हेही असंच दिसतं. त्यातही बोलावं लागतंच.

विचारू कसं? विचारलं की भांडण होतं.

रात्री अकराला, तो डोळे जड करून घरात शिरतो तेव्हा विचारू नका. सकाळी, दोघंच असताना, जमलं तर बाहेर. फुटाळा तलावाच्या काठावर किंवा गाडीवर शेजारी बसून बोलणं समोरासमोर बसवून जाब विचारण्यापेक्षा सोपं जातं. आरोपाने सुरुवात केली की तो फक्त बचाव करतो. जे दिसलं तेवढंच सांगा आणि थांबा:

"बाबू, तुझी जीन्स धुवायला घेतली तर खिशातून गोळ्या निघाल्या. मी कोणाला दाखवल्या नाहीत. कशाच्या आहेत तेवढं सांगशील?"

नंतरची शांतता सहन करा. तीच अवघड असते. पहिलं उत्तर "मित्राच्या आहेत" असंच येईल. तेव्हा खोटं पकडायच्या मागे लागू नका. "बरं. पण तुला झोप येत नाही का? काही दुखतं का? कशाची भीती वाटते का?" असं विचारा. गोळी जवळ येण्याआधी काहीतरी बिघडलेलं असतं आणि मुलं गोळीविषयी बोलण्याआधी त्याविषयी बोलतात. नवरा असेल तर त्याच्या आईसमोर नको, मोठी बहीण असेल तर तिच्या मुलांसमोर नको. धमकी फक्त तीच द्या जी खरंच पाळणार आहात.

एक प्रश्न मात्र सरळ विचारा: "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, घरातल्या सगळ्या गोळ्या हलवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सापडल्या तशा सगळ्या टॉयलेटमध्ये टाकून देऊ का?

थांबा. रोज घेत असेल तर हे धोक्याचं आहे. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, क्लोनाझेपाम या वर्गाची सवय झालेल्या शरीराला ती अचानक मिळेनाशी झाली की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, भास होतात आणि अपस्मारासारखे झटके येतात. काही औषधांत हे एक-दोन दिवसांत सुरू होतं, काहींत आठवडाभराने, जेव्हा घरचे "सुटलं बापा एकदाचं" म्हणून निर्धास्त झालेले असतात. या झटक्यांत जीव जाऊ शकतो. डॉक्टर डोस आठवड्या-आठवड्याने, कधी महिनोन्महिने उतरवत नेतात.

ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्या थांबल्या की अंग मोडून येतं, जुलाब, उलट्या, पायांत वळवळ. त्रास भयंकर, पण खरा धोका नंतरचा. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि जुनाच डोस पुन्हा घेतला तर श्वास थांबतो. सोडून आलेल्या माणसावर घरच्यांनी सर्वांत जास्त नजर ठेवायचे दिवस तेच.

डॉक्टर भेटेपर्यंत गोळ्या घरातल्या एका माणसाच्या ताब्यात, कुलुपात ठेवा आणि किती होत्या ते लिहून ठेवा. सवय किती दिवसांची, रोज किती, हे फोनवर डॉक्टरांना सांगून आजच्यापुरतं काय करायचं ते विचारा.

न सांगता लघवी तपासून घेऊ का?

नको. विश्वास जातो आणि उत्तरही अर्धवट मिळतं. साध्या किटमध्ये अफूवर्गाची चाचणी असते तिच्यात ट्रॅमाडॉल सहसा दिसत नाही, क्लोनाझेपामही कित्येकदा सुटतं. "निगेटिव्ह" आलं म्हणून सुटकेचा श्वास टाकाल आणि चुकाल. तपासणी डॉक्टरांनी, त्याला सांगून करावी.

न कळता जेवणात मिसळायचं औषध मिळतं म्हणे?

देऊ नका. त्यात काय आहे हे तुम्हालाही माहीत नसतं. डायसल्फिराम (दारू सोडवण्यासाठीचं औषध) असेल आणि त्यावर तो दारू प्यायला तर हृदयावर बेतू शकतं.

नागपुरात जायचं कुठे?

मेडिकल, मेयो आणि एम्स या तिन्ही ठिकाणी मनोविकार विभागाची ओपीडी आहे. मानकापूरच्या बाजूचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचं, राज्यातल्या अशा चार सरकारी रुग्णालयांपैकी एक. त्या नावाने लोक दचकतात, पण तिथे ओपीडीत दाखवून दुपारी घरी परतणारेच खूप असतात. सकाळी लवकर जा, सगळ्या स्ट्रिप आणि जुन्या चिठ्ठ्या न्या, आणि किती वाजता काय घेतो याची चार-पाच दिवसांची नोंद. डॉक्टरांना तुमच्या रडण्याइतकीच त्या नोंदीची गरज असते.

फोनवर बोलायचं असेल तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, दोन्ही मोफत.

खाजगी व्यसनमुक्ती केंद्र निवडताना नोंदणी आहे का, मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतात, झटका आला तर कुठे नेतात हे विचारा. "भेटायला येऊ नका, फोन बंद, महिनाभरात सोपवतो" म्हणणाऱ्या ठिकाणी ठेवू नका. साखळीने जखडून ठेवायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे.

डॉक्टरकडे नेलं तर पोलिसांत अडकेल का?

उपचारासाठी आलेल्या माणसाची गुपितं जपणं हे डॉक्टरांचं काम आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातलं कलम ६४-अ सांगतं की व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणासाठी त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेता येतं. विकणाऱ्याला ते लागू नाही. घरातल्या माणसाकडे मोठा साठा दिसला तर आधी वकिलाशी बोला.

एक दुकानदार त्याला चिठ्ठीशिवाय गोळ्या देतो. काय करू?

तक्रार करा. १ मार्च २०१४ पासून एच-१ यादीतल्या औषधांची विक्री वेगळ्या रजिस्टरात, रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या नावासह लिहून ते तीन वर्षं जपून ठेवणं बंधनकारक आहे. अन्न व औषध प्रशासनाचा मोफत क्रमांक १८००-२२२-३६५. बिल किंवा कापलेल्या स्ट्रिपवरचा बॅच क्रमांक असेल तर चौकशीला हात मिळतो. आमच्या व्यवसायातले काही लोक हे करतात याचं मला फार वाईट वाटतं, आणि बाकीच्यांनी त्यांना पाठीशी घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तो यायलाच तयार नाही. मग?

तुम्ही जा. रुग्ण सोबत नसला तरी घरच्यांशी बोलणारे मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक आहेत, आणि टेलिमानसवर फोन करायला आजारी असावं लागत नाही. मराठीत बोलता येतं, रात्रीही. त्याला व्यसनाचं नाव न काढता "झोपेसाठी एकदा दाखवू" किंवा "पोट बघून घेऊ" म्हटलं तर तो फॅमिली डॉक्टरकडे येतो का पाहा. तुम्ही आधी डॉक्टरांना कळवून ठेवा. तीव्र आजारात, स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने निर्णय घेणाऱ्या माणसाच्या) अर्जावर दाखल करण्याची तरतूद मानसिक आरोग्य कायद्यात आहे, तिची रीत रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक समजावून सांगतात. तोवर उसने पैसे देणं थांबवा, जेवायला मात्र रोज बोलवा, आणि १०८ हा नंबर घरातल्या लहानांनाही पाठ करून ठेवायला सांगा.